खारी हवा, काळी वाळू आणि ग्रासहॉपर: आरसीचे शौकीन जुन्याच गाड्यांकडे परत का वळतात

आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या, गाड्यांचा नाद लागलेल्या माणसाच्या घरी कधी गेलात तर एक गंमत दिसेल. कपाटावर एखादी महागडी, भन्नाट वेगाची ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची) गाडी खोक्यासकट धूळ खात पडलेली असते. आणि व्हरांड्यात, चपलांच्या रांगेत, खरचटलेल्या बॉडीची एक जुनाट बग्गी उभी असते. रोज चालते ती हीच. तिचं नाव ग्रासहॉपर, डिझाइन १९८४ सालचं, वेग बेताचा, सस्पेन्शन तर हसू यावं असं. तरी बाकीच्या गाड्या वापरून झाल्या की माणूस फिरून हिच्याकडेच येतो.

‘लहानपणीच्या आठवणी’ हे याचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण आपल्याकडे तरी पुरत नाही. १९८०च्या दशकात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किती पोरांच्या हातात तामिया या जपानी कंपनीची गाडी होती? आपल्या आठवणीत जत्रेतून आणलेली चावीची मोटार असते, ग्रासहॉपर नसते. तरीसुद्धा इथले शौकीन अखेर त्याच चार-पाच मॉडेलांपाशी येऊन टेकतात. म्हणजे कारण गाडीच्या पोटात कुठेतरी असलं पाहिजे. ते पोट उघडूनच बघू.

आधी एक फरक ध्यानात घ्या. गणपतीला मुंबईहून येणारे काका-मामा पोरांसाठी जी रिमोटची गाडी आणतात ती बहुतेक वेळा खेळण्यातली. तिच्या स्टिअरिंगला तीनच गोष्टी कळतात: डावीकडे, उजवीकडे, सरळ. मोटर, सर्किट, गिअर सगळं एकाच डब्यात बंद. एक दात तुटला की विसर्जनाच्या आत गाडी माळ्यावर. हॉबीच्या गाडीत प्रत्येक भाग सुटा असतो, त्याला नंबर असतो, आणि तो नंबर सांगून तो एकटा विकत घेता येतो. खोक्यातून बऱ्याचदा गाडी येतच नाही, भाग येतात. जोडायचे आपण. स्वतः जोडलेली गाडी मोडली तर कुठे मोडली हे आपल्याला कळतं, ही या छंदातली अर्धी मजा.

विजेचा भाग थोडक्यात. हातातला ट्रान्समीटर हल्ली २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. पूर्वी तो २७ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि दोघांकडे एकाच चॅनलचा क्रिस्टल निघाला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी सुटायची. गाडीतला रिसीव्हर दोघांना हुकूम सोडतो. पहिला सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. तिला सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक ठोका मिळतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाकं सरळ. एककडे झुकला तर एका बाजूला, दोनकडे झुकला तर दुसऱ्या. मधली प्रत्येक जागा मिळते, म्हणून वळण हवं तेवढंच घेता येतं. दुसरा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. तो मोटरची वीज अतिशय भरभर चालू-बंद करत राहतो आणि त्यातून वेग कमी-जास्त होतो. हे सगळं आज जुन्या मॉडेलातही नवंच बसवतात. मॉडेलामॉडेलातला खरा फरक असतो तो यांत्रिक भागात.

या गाड्यांच्या गोष्टीत तामियाला टाळून पुढे जाता येत नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातली ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. पुढे प्लास्टिकची मॉडेलं करू लागली. त्यांनी १९७६ साली एक बटा बारा आकाराची पोर्शे ९३४ काढली, तीच त्यांची पहिली रेडिओवर चालणारी गाडी. तिच्यासाठी कंपनीनं खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. हा वेडेपणा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गाड्यांत तो उतरलेला दिसतो.

१९७९ साली आली सँड स्कॉर्चर. फोक्सवॅगन बीटल उंच करून, मडगार्ड कापून अमेरिकेत वाळवंटात पळवायची एक तऱ्हा होती, तिची ही एक बटा दहा प्रतिकृती. मागचं सस्पेन्शन खऱ्या बीटलच्या धर्तीचं, पुढचंही तसंच, आणि त्यातले बरेचसे भाग चक्क ओतीव धातूचे. रिसीव्हर आणि सर्वो एका पारदर्शक, बंद पेटीत, म्हणजे पाणी-वाळू आत जाऊ नये. इतकी देखणी यंत्रणा पुन्हा फारशी कुणी केली नाही. तामियानं ती २०१० साली परत बाजारात आणली तेव्हा जगभरचे शौकीन तुटून पडले ते उगीच नाही.

नाव वाळूचं, पेटी बंद, म्हणजे किनाऱ्यासाठी हीच गाडी, असं कुणालाही वाटेल. इथेच खरी मेख आहे. जिच्यावरून ही बेतली ती गाडी कोरड्या वाळवंटातली. आपली वाळू समुद्राची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत पोलादी स्क्रू असेल तर बळी जातो ॲल्युमिनियमचा. स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी फुलते, आटे धरून बसतात, आणि पुढच्या खेपेला स्क्रू फिरवायला जावं तर त्याचं डोकंच झिजून गोल होतं. देवगडच्या किंवा हर्णैच्या बंदरावर उभ्या होड्यांचे नट-बोल्ट पाहिलेल्याला हे नवीन नाही. म्हणून सँड स्कॉर्चर आपल्याकडे कोरड्या खळ्यात किंवा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चालवावी. समुद्रावर न्यायचीच असेल तर त्याच संध्याकाळी ती पूर्ण सुटी करायची तयारी ठेवावी.

आता ग्रासहॉपर. १९८४ साली तामियानं ही काढली तेव्हा उद्देश साधा होता: नवशिक्याला परवडेल आणि जोडता येईल अशी बग्गी. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, हे एबीएस प्लास्टिकचं एक खोल टब. बॅटरी, सर्वो, रिसीव्हर सगळं त्या टबाच्या पोटात. मागे मोटर, गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांचा आस हे एकच घट्ट धूड. ते पुढच्या टोकाला बिजागरीसारखं टांगलेलं आणि त्यावर दोन स्प्रिंगा. एक चाक दगडावर चढलं की सगळं धूडच तिरकं होतं. पुढची चाकं धरणाऱ्या दोन हातांनाही नुसत्या स्प्रिंगा, तेल नाही.

पुस्तकी हिशेबानं ही रचना वाईट आहे. सस्पेन्शनच्या खालचं, म्हणजे चाकासोबत वर-खाली होणारं वजन जितकं जास्त, तितकं चाक जमिनीला चिकटून राहायला कुचराई करतं. इथे तर मोटरसुद्धा त्या वजनात मोजायची. त्यात उसळी जिरवणारा तेलाचा शॉक नाही, म्हणजे एकदा दबलेली स्प्रिंग तीच ताकद परत देते आणि गाडी उडी मारते. नाव टोळाचं ठेवलंय ते उगाच नव्हे. सरळ रेषेत वेगात सोडली की खाचखळग्यांवर ती टणाटण उडत जाते, आणि बघणारा हसतोच.

पण किनाऱ्यावर हाच दोष गुण होऊन बसतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत गिअरबॉक्समधून चाकापर्यंत शक्ती न्यायला हलते सांधे लागतात, आणि ते सांधे उघडे असतात. तामियाचीच १९८३ची फ्रॉग घ्या. चालवायला ग्रासहॉपरपेक्षा कितीतरी सरस, मागची दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात. पण तिच्या मागच्या दांड्यांची षट्कोनी टोकं झिजतात ही तिची जगजाहीर दुखणी. त्यात आपली वाळू शिरली की टोक आणि खोबण मिळून पॉलिश पेपरचं काम सुरू होतं. ग्रासहॉपरला हे सांधेच नाहीत. आस गिअरबॉक्समधून थेट चाकात जातो. वाळूला शिरायला वाट म्हणजे गिअरबॉक्सच्या फटी आणि चाकांची बुशं (आस ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या), एवढीच. फटींना ग्रीसचा पातळ हात मारला की झालं. गंजायला स्क्रू, आस आणि स्प्रिंगा सोडल्या तर धातू फारसा नाहीच.

तिच्यातली मोटर ३८० जातीची, म्हणजे लहान. त्याच वर्षी आलेल्या हॉर्नेटमध्ये मोठी ५४० मोटर आणि मागे तेलाचे शॉक आले. टब आणि मूळ मांडणी तीच. दोघींमध्ये निवडायचं तर बहुतेक जण वेगासाठी हॉर्नेट घेतात. माझं मत विचाराल तर पोरांसोबत चालवायला ग्रासहॉपरच. लहान मोटर वीज कमी ओढते, एका बॅटरीवर खेळ लांबतो, आणि धडक बसली तरी काही मोडण्याइतका जोर नसतो. दोन्ही गाड्या मध्यंतरी बंद पडल्या होत्या. हॉर्नेट २००४ साली आणि ग्रासहॉपर २००५ साली कंपनीनं परत आणली. तेव्हापासून त्यांचे सुटे भाग सहज मिळतात, आणि परत वळण्याचं खरं कारण हेच आहे. वेग विकत मिळतो हो, पण ज्या गाडीचा आठ-दहा वर्षांनी मोडलेला हात परत मिळतो ती गाडी टिकते.

याच घराण्यातली लंच बॉक्स ही १९८७ची. पिवळीधमक व्हॅन, आणि तिला ट्रॅक्टरसारखी जाडजूड चाकं. गिअरबॉक्स त्याच कुळातला. गाडी उंच, आखूड, वजन मागे. जोरात सोडली की मागची चाकं जमीन मागे ढकलतात, गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं उचलली जातात, आणि गाडी मागच्या चाकांवर उभी राहून पळते. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंगही हवेत. त्यामुळे वळणावर हात सैल सोडावा लागतो आणि नवा माणूस ती हमखास कुंपणात घालतो. गंभीर माणसांनी हिच्या वाट्याला जाऊ नये. सुट्टीत घर भरलेलं असताना मात्र हिच्यासारखी गाडी नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतात.

हसण्याच्या गाड्या झाल्या, आता शर्यतीची. १९८४ सालीच अमेरिकेत टीम असोसिएटेडनं आरसी१० काढली. सोनेरी छटेच्या ॲल्युमिनियमची चासी, नायलॉनचे लांब हात, आणि चारही चाकांना तेलाचे शॉक. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दोन-चाकी-चालनाच्या गटात हीच जिंकली. तोवर या गाड्या खेळण्याच्या वळणाच्या होत्या. इथून त्या शर्यतीच्या यंत्राच्या वळणावर गेल्या. २०१३ साली कंपनीनं तिची जुन्या थाटाची आवृत्ती पुन्हा काढली.

आरसी१०ची खरी देणगी म्हणजे ते शॉक, तेव्हा तिथे जरा थांबू. स्प्रिंगचं काम गाडीचं वजन पेलणं. पण स्प्रिंग एकटी असली तर दबते, उसळते, परत दबते, आणि तिला थांबवणारं कुणी नसतं. शॉकच्या नळीत सिलिकॉन तेल असतं आणि दांडीच्या टोकाला बारीक भोकं पाडलेली एक चकती. दांडी आत-बाहेर होताना तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. हळू हलवलं तर तेल निमूट जातं, झटका दिला तर अडतं. उसळीची ताकद त्या अडण्यात खर्ची पडते, तेल कणभर तापतं आणि गाडी शांत राहते. तेल दाट किंवा भोकं लहान, की शॉक कडक. तेल पातळ किंवा भोकं मोठी, की मऊ. सगळं शास्त्र एवढंच. बाकीचं हाताचं कसब.

आणि कसब लागतं ते तेल भरताना. नळी उभी धरायची, तेल काठापर्यंत ओतायचं, दांडी सावकाश वर-खाली करायची. चकतीच्या भोकांतून मोहरीएवढे बुडबुडे सुटतात आणि वर येऊन फुटतात. घाई केली तर ते तेलातच मिसळून फेस होतो. बुडबुडे संपेपर्यंत नळी तशीच उभी ठेवायची, मग दांडी थोडी वर घेऊन, सांडेल तेवढं तेल सांडू देऊन झाकण लावायचं. कुडाळकडच्या एका दुचाकी मेकॅनिकानं हा प्रकार बाकावर बसून बघितला आणि म्हणाला, “बुडबुडो रवलो की शॉकप मेलोच समज. मोटारसायकलीचो असो नायतर ह्या खेळण्याचो, तेलाक सगळो सारखोच.” हवा दबते, तेल दबत नाही, हवा राहिली तर सुरुवातीची हालचाल पोकळ जाते आणि शॉक ‘चपक चपक’ वाजतो. त्याच्या एका वाक्यात सगळं आलं.

क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीचाही मोठा मान आहे. १९८२ची स्कॉर्पियन, १९८५ची ऑप्टिमा, दोन्ही पुन्हा निघाल्या आणि दोन्हींचे भक्त पायलीचे पन्नास. पण ऑप्टिमात पुढच्या चाकांकडे शक्ती साखळीनं जाते. खाऱ्या हवेत सायकलची साखळी किती दिवस टिकते हे आपल्याला ठाऊक आहे, मग ही तर बोटाएवढी. घाटावरच्या माणसानं खुशाल घ्यावी.

चार चाकं चालवायचीच असतील तर किनारा सोडून सड्यावर चला. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे जांभ्याचे सडे हे क्रॉलर गाड्यांसाठी जणू मुद्दाम केलेलं मैदान आहे. क्रॉलर म्हणजे हळू चालणारी, दगड चढणारी गाडी. तिच्या बाबतीत वेगाची भाषाच नाही, सगळी गंमत चाक नेमकं कुठे टेकवायचं यात. ॲक्सियलची एससीएक्स१० आणि ट्रॅक्ससची २०१७ची टीआरएक्स-४ ही या प्रकारातली दोन नावं लोक पुन्हा पुन्हा घेतात.

यांचं मर्म डिफरन्शियलमध्ये आहे. रिक्षा वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांडीला पक्की असती तर एक घासत गेलं असतं. म्हणून मध्ये गिअरांची अशी जोडणी करतात की एक चाक हळू आणि दुसरं जोरात फिरू शकेल. रस्त्यावर हे उत्तम. पण या जोडणीची एक खोड असते: ज्या चाकाला अडथळा कमी तिकडे सगळं फिरणं जातं. एक चाक हवेत लटकलं की तेच गरगरत राहतं आणि जमिनीवरचं ढिम्म. क्रॉलरमध्ये म्हणून डिफरन्शियल कुलूपबंद करतात, दोन्ही चाकं सोबतच फिरतात. वळताना टायर घासतात, पण चढताना एक चाक जरी टेकलेलं असलं तरी गाडी सरकते. एससीएक्स१० मध्ये हे कुलूप कायमचं, टीआरएक्स-४ मध्ये रिमोटवरून लावता-काढता येतं. शिवाय टीआरएक्स-४ मध्ये आस चाकाच्या मध्याच्या वर असतो आणि चाकापाशी दोन गिअर घालून शक्ती खाली उतरवतात. त्यामुळे आसाखाली जास्त जागा राहते, आणि जांभ्याचे दात तिथेच अडकत असतात.

सड्यावर एक पथ्य. राजापूर-रत्नागिरी पट्ट्यात अनेक सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही कुंपणाविना. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की रेषा दिसतही नाहीत. टायर मऊ असले तरी त्यावरून गाडी नेऊ नये. जागा माहितीची नसेल तर वाडीतल्या माणसाला आधी विचारावं. पावसात शेवाळलेला कातळ तसाही क्रॉलरला दाद देत नाही, तेव्हा आपणच घसरून हात दाखवून अवलक्षण कशाला?

नव्या जमान्यातली एकच गाडी या जुन्या मंडळींच्या पंगतीला बसली आहे, ती ट्रॅक्ससची २००८ची स्लॅश. अमेरिकेतल्या शर्यतींच्या पिकअप ट्रकसारखी बॉडी, रुंद मडगार्ड, प्लास्टिकचा टब, मागच्या दोन चाकांवर चालणारी. तिचे बरेच भाग त्याच कंपनीच्या रस्टलर आणि स्टॅम्पीडला चालतात, म्हणून दुरुस्ती स्वस्तात होते. उडी मारली की रुंद बॉडीत हवा भरते आणि नाक वर उचलतं, हा तिचा ठरलेला दोष. इलेक्ट्रॉनिक्स वॉटरप्रूफ आहे असं खोक्यावर असतं, ते खरंही आहे: रिसीव्हर रबरी कडेच्या पेटीत, ईएससी सीलबंद. पण ब्रशची मोटर उघडी, बेअरिंग उघडी, स्क्रू उघडे. आपल्या पागोळ्यांच्या पाण्यातून ती खुशाल जाईल. समुद्राच्या पाण्यातून गेली तरी त्या दिवशी चालेलच. हिशेब चुकता होतो पुढच्या आठवड्यात.

समुद्रावर गाडी चालवायची वेळ कोळ्यांच्या हिशेबानं ठरवावी. कोरडी वाळू पायाखालून जशी सरकते तशी चाकाखालूनही, आणि मोटर दुप्पट राबते. ओहोटीनं उघडी पडलेली ओली वाळू मात्र घट्ट असते. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं. जुना आडाखा असा की तिथीच्या पाऊणपट तासाला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे पंधरा; पाऊणपट केलं की सव्वा अकरा. त्यानंतर सहा तासांनी, साडेपाचच्या सुमाराला, ओहोटी तळाला असते आणि उधाणाची ओहोटी असल्यानं समुद्र दूरवर गेलेला असतो. ऊन उतरलेलं, मैदान लांबरुंद. उलट अष्टमीला भरतीच सहाला येते, आणि संध्याकाळी गाडी काढून उपयोग नाही.

थंडीत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. जाळीनं राखलेली जागा दिसली की लांब राहावं, आणि दिवेलागणीनंतर गाडी घरी.

मोटर तापते का हे बघायला यंत्र नको. पाच-सात मिनिटं चालवून थांबा, मोटरच्या डब्याला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर मोटरवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, एक-दोन दातांनी लहान घ्या. वेग थोडा उतरतो, मोटर वाचते. मोटरवर ‘टर्न’चा आकडा असतो, तो तारेच्या वेढ्यांचा. वेढे कमी तितकी मोटर वेगवान आणि अधाशी. किटसोबत येणारी चंदेरी ५४० साधारण सत्तावीस टर्नची असते, आणि वाळूसाठी तीच बरी.

आता रत्नागिरीच्या लोकांसाठी खास. मांडवीची वाळू काळी का, तर तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट यांसारखी लोहाची खनिजं आहेत. मोटरच्या आत कायमचे चुंबक असतात आणि डब्याला हवेसाठी खिडक्या. एक फेरी मारून गाडी उलटी करून बघा: खिडक्यांच्या कडेनं काळे कण उभे राहिलेले दिसतात, मखमलीवर उलटा हात फिरवावा तसे. फुंकून जात नाहीत, ब्रशनं एका बाजूचे काढले की दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. चिकटपट्टी दाबून उचलावी, तेव्हा कुठे निघतात. आत गेलेले कण कम्युटेटर (मोटरमधला फिरता तांब्याचा भाग) आणि त्याला टेकून वीज देणारे कार्बन ब्रश दोन्ही खातात. म्हणून काळ्या वाळूवर बंद डब्याची ब्रशलेस मोटर, किंवा जुन्या मोटरला पातळ नायलॉनचा मोजा. मोजा घातला की मोटर जास्त तापते, तेव्हा वरचं बोटाचं पथ्य दुप्पट पाळायचं.

घरी आल्यावर आधी बॅटरी काढायची, मग गोड्या पाण्याचा सौम्य हात, मग हवेनं किंवा जुन्या हेअर ड्रायरच्या थंड झोतानं वाळवणं. पाणी न लावता नुसतं पुसलं तर मीठ तसंच राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याला तोटा नाही. बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब, आसाला ग्रीस. बंदराजवळच्या दुकानात होड्यांच्या इंजिनासाठी जे पाणी न धरणारं ग्रीस मिळतं ते उत्तम चालतं. बेअरिंग घेताना पत्र्याच्या झाकणाची नको, रबरी सीलची घ्या. बऱ्याच तामिया किटांमध्ये बेअरिंगऐवजी प्लास्टिकची बुशं येतात. त्यांत वाळू रुतून बसते आणि पोलादी आसाला चरे पाडते, म्हणजे मऊ वस्तू कडक वस्तूला खाते.

बॅटरीबद्दल थोडंच. जुनी निकेल-मेटल हायड्राइड ७.२ व्होल्टची, जड आणि गरीब स्वभावाची. ग्रासहॉपरला ती पुरते. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, हलकी आणि जोरकस. तिचा प्रत्येक सेल भरला की ४.२ व्होल्ट, ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा दुखावतो. महिनाभर गाडी काढणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरून पावसाळा काढू नका. चार्ज करताना जुनं मंगलोरी कौल खाली घ्यावं, आसपास गवत-कागद नको, आणि माणूस जागेवर हवा. फुगलेली लिपो कितीही चांगली चालत असली तरी तिचा मोह सोडावा.

मग घ्यावी कुठली? समुद्राला लागून राहत असाल आणि ही पहिलीच गाडी असेल तर ग्रासहॉपर. वेगाची हौस असेल तर हॉर्नेट, पण पिनियन लहान ठेवून. घरामागे सडा असेल तर क्रॉलर. शॉक आणि सेटिंगच्या खटपटीत रमणारे असाल तर आरसी१०, आणि ती सारवलेल्या खळ्यात, दिवाळीनंतर, जमीन टणक झाल्यावर. सँड स्कॉर्चर शेवटी येते, हात बसल्यावर, आणि एकदा आली की जात नाही. ऑर्डर देताना रबरी सीलच्या बेअरिंगचा संच आणि जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा स्क्रूड्रायव्हर त्याच खोक्यात मागवा. जपानी स्क्रूच्या खाचेत आपला नेहमीचा फिलिप्स नीट बसत नाही, आणि गंजलेल्या स्क्रूवर तो पहिल्या वळशालाच घसरतो. वेगळं मागवलं तर टपालखर्च पुन्हा पडतो.